दगडू, यमू आणि ‘नीट’

दार हळूच लोटा आणि लगेच ओढून घ्या. बाहेरचा वारा आत आलेला सुईणीला खपत नाही. साल साधारण १७९०, गाव वाईच्या आसपासचं, घर खाऊनपिऊन सुखी कुणब्याचं. खोलीला एक झरोका आहे, त्यातही चिंध्या कोंबल्यात. बाजेखाली शेगडी धुमसतेय, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्यात, धुराने तुमचे डोळे चुरचुरताहेत. बाजेवर सोळा वर्षांची मुलगी निजलीय आणि तिच्या कुशीत पाच दिवसांचं पोर. हे तिसरं. आधीचे दोघे बारशाच्या आतच गेले. म्हणून या खेपेला सगळं रीतीप्रमाणे चाललंय. पहिले तीन दिवस तिचं चिकाचं दूध पिळून टाकलं, बाळाला मधाचं बोट चाटवलं, आणि तिला पोटभर पाणीसुद्धा कुणी दिलेलं नाही.

आज पाचवी. भिंतीशी पाटा मांडलाय, हळदकुंकू वाहिलंय, कणकेचे दिवे लावलेत. शेजारी कुळकर्ण्यांकडून मागून आणलेला कोरा कागद आणि बोरू. या घरात लिहिता-वाचता कुणालाच येत नाही, पण सटवाईला येतं. मध्यरात्रीनंतर ती येईल आणि पोराच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाईल. तिने काय लिहावं हे कुणाच्या हातात नाही. दिवा विझू द्यायचा नाही, पोराला एकटं सोडायचं नाही, डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, एवढं मात्र बायकांच्या हातात आहे, आणि ते त्या नेटाने करताहेत. पाट्यावर एक विळाही ठेवलाय. पाच दिवसांपूर्वी नाळ त्यानेच कापली.

विळा पाहून तुम्हाला राहवत नाही. सुईणीच्या कानाशी लागून तुम्ही म्हणता, “आजी, नाळ कापायच्या आधी तो विळा उकळत्या पाण्यातून काढत जा.”

ती तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळते. “कुठलं म्हणायचं तुम्ही? इळा धुतलाय की कालच. पूजेला काय तसाच मांडीन व्हय?”

यावर बोलण्यासारखं तुमच्याकडे काही नसतं. नवजात बाळाचा धनुर्वात नाळेच्या जखमेतून शिरतो आणि बहुतेक करून पहिल्या आठवड्याच्या अखेरीला दिसू लागतो. पोर आधी चोखायचं थांबतं, मग जबडा आवळतो, मग सगळं अंग ताठ होतं. पाचव्या-सहाव्या रात्री जागायचं ज्या बायकांनी ठरवलं, त्यांच्या नजरेला कमी म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. धोका कोणत्या दिवशी येतो हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. कोणत्या वाटेने येतो, तेवढं कळलं नव्हतं. ती वाट त्यांनी हळदकुंकू लावून पाट्यावर मांडली होती.

लॉरेन्स स्टोन या इंग्रज इतिहासकाराने १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या कुटुंबांवर लिहिताना असं मांडलं की जुन्या काळी मुलं इतकी मरत, की आईबापांना त्यांच्यात फार जीव गुंतवणं परवडतच नसे. पुढच्या अभ्यासकांनी ते बरंचसं खोडून काढलं. पण आपल्याकडेही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ते वेगळ्या शब्दांत म्हणतंच: “तेव्हा काय हो, दहा-दहा व्हायची, दोन गेली तर पत्ताही लागत नसे.” म्हणणाऱ्याला या खोलीत आणून बसवावं. ही मुलगी सबंध रात्र पोराच्या नाकाशी बोट धरून बसली आहे.

पोर रात्र काढतं. बाराव्या दिवशी आजी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवते. शेजारीण ठरल्याप्रमाणे तिथून जाते, “अगं बाई, कुणाचं हे टाकलेलं?” म्हणत उचलते, आणि आई तिच्याकडून शेरभर जोंधळ्यांना ते विकत घेते. नाव ठेवतात दगडू. उकिरड्यावर सापडलेला, नावाने दगड, मोलाने शेरभर जोंधळे: असल्या पोरावर काळ कशाला नजर टाकेल? महाराष्ट्रातले सगळे धोंडू, केरू, भिकू आणि नाक टोचलेले नथू अशाच एकेका रात्रीतून तरलेले. नावाचा हा तिटकारा वरवरचा. जीव किती गुंतलाय ते लपवण्यासाठी पांघरलेला.

दगडूला अजून देवी यायच्या आहेत. त्या आल्या की घरात फोडणी बंद होईल, दाराला कडुनिंब लागेल, आणि शितळेचा कोप होऊ नये म्हणून पोराला औषधसुद्धा द्यायचं नाही. आणखी बारा वर्षं थांबलात तर मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचलेली पाहाल. मग तिच्या दंडावर आलेल्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्यातली त्याच्या पुढच्यांना, अशी ती दंडादंडाने पसरली. शितळेसमोर हात जोडण्यावाचून ज्यांना काही करता येत नव्हतं, त्यांच्या हाती प्रथमच काही करण्याजोगं आलं. पुष्कळ आयांनी तरीही देवी काढणारा गावात आला की पोरं लपवली.

आता तुम्ही सात वर्षांचे आहात. पुणे, १८२५. पेशवाई जाऊन सात वर्षं झाली. वडील तुमचं मनगट धरून तुम्हाला एका वाड्याच्या पडवीत आणतात. वीस-पंचवीस पोरं धूळपाटीवर बोटाने मोडी गिरवताहेत आणि एका सुरात पाढे म्हणताहेत. नुसते बे ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, सगळं. तुम्हाला खिशातला मोबाइल काढावा लागेल असले हिशेब इथली आठ वर्षांची पोरं तोंडी करतात. कोपऱ्यात एकजण अंगठे धरून वाकलाय. पाठीवर दगड ठेवलाय. तो पडला तर छडी.

“पंतोजी, पोर तुमच्या ओटीत घातलंय,” वडील म्हणतात. “हात आखडता घेऊ नका.”

तुम्ही वर पाहता. वडिलांच्या चेहऱ्यावर राग नाही. पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा ताडन करावं आणि सोळाव्याला मित्रासारखं वागावं, हे चाणक्याच्या नावावर चालणारं सुभाषित त्यांच्या वडिलांनी त्यांच्यावर लागू केलं होतं. पाच वर्षांचे लाड तुमचे झाले. कागद वाचता आला नाही तर सावकार काय करतो हे त्यांनी पाहिलंय. आता तर राज्य साहेबाचं, कारकुनी ज्याला येईल तो तगेल. छडी म्हणजे आठवण पक्की करायचं साधन, असं त्यांना मनापासून वाटतं. पडवीत मुलगी एकही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिथल्या कोणाच्याही लक्षात आलेलं नाही.

मुलगी पाहायची तर कल्याणला चला, १८७४ मध्ये. जोशांच्या घरातली यमू नऊ वर्षांची आहे. वडिलांची लाडकी, आईच्या हातचा मार खाणारी. आई दोरी, काठी, दगड, निखारा, हाताला येईल त्याने मारायची, असं तिने स्वतःच पुढे लिहिलं आहे. या वर्षी तिचं लग्न होतं आणि नाव बदलून ती ‘आनंदी’ होते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या घरात तुम्ही उभे राहिलात तर ‘बालपण’ कुठे संपतं ही रेघ तुम्हाला सापडणार नाही. मूल मरू नये म्हणून रात्र जागणारी आई स्वतःच मूल असते. मात्र या मुलीने दहा दिवसांच्या पोरावरून एक प्रश्न उचलला आणि तो घेऊन ती समुद्रापार गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आत, ती क्षयाने गेली. आणखी चार वर्षांनी, १८९१ मध्ये, सरकारने संमतिवयाचा कायदा करून ते वय दहावरून बारावर नेलं, तेव्हा आमचं पुणं सभा उधळण्यात गुंतलं होतं. दोन वर्षं वाढवायची होती. फक्त दोन.

भोंगा झाला. उठा. परळ, १९२१, दहा बाय दहाची खोली, आणि या वेळी तुम्ही आई आहात. गिरणीत वाइंडिंग खात्यात कांड्या भरता. पोर दीड महिन्याचं आहे. त्याला घरी ठेवून तुम्हाला दहा तास उभं राहायचं आहे. शेजारची म्हातारी सांभाळते, पण तिच्याकडे आणखी चार आहेत. म्हणून निघायच्या आधी तुम्ही कनवटीची पुडी सोडता आणि मोहरीएवढी काळी गोळी दुधात कालवून पोराच्या जिभेवर ठेवता. बाळगोळी. आत अफू असते हे तुम्हाला माहीत आहे, सगळ्याच चाळीला माहीत आहे. पोर संध्याकाळपर्यंत निपचित पडून राहील. रडणार नाही, म्हणजे मागणारही नाही.

त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स नावाच्या बाई चाळीचाळींतून हिंडत होत्या. गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या आया पोरांना अफू देतात, असं त्यांना आढळलं. त्या वर्षी मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकं वर्षाच्या आत मेली, आणि एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण त्याहूनही भयंकर होतं. बाळंतपणाला बऱ्याच बायका गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मरण इकडे, त्यामुळे आकडा फुगलेला आहे हे खरं. अर्धा धरा. तरी तुमच्या मजल्यावरच्या प्रत्येक तिसऱ्या दाराआड एक पाळणा रिकामा झालेला आहे.

शहाण्या लोकांनी या आयांना अडाणी म्हटलं, बेफिकीर म्हटलं. तुम्ही त्या खोलीत उभे आहात, तुम्हीच सांगा. गोळी न देता पोराला रडत ठेवायचं? कामावर न जाता त्याला उपाशी ठेवायचं? मला विचाराल तर वाईपासून इथवरच्या प्रवासात आईबापांच्या मायेत उणं-अधिक झालेलं मला दिसलं नाही. त्यांना कशाची धास्ती होती ते मात्र दर मुक्कामाला वेगळं निघालं: आधी सटवाई, मग सावकाराचा कागद, मग लोक काय म्हणतील, आणि इथे भोंगा. आणि दर वेळी आपल्या धास्तीला त्यांनी मुलाचा स्वभाव मानलं. पोर चंचल असतं म्हणून छडी, पोरगी परक्याचं धन म्हणून नवव्या वर्षी बोहलं, तान्हं किरकिरं म्हणून गोळी.

चाळीच्या या गल्ल्यांपासून जवळच, परळच्या बीआयटी चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. दोन वर्षांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. आईला त्या काळात विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मालकाने नि सरकारने उचलला पाहिजे, असं ते बोलले. १९२९ मध्ये कायदा झाला, तोही फक्त मुंबई इलाख्यापुरता. पण एक बारीक गोष्ट बदलली: तान्ह्या मुलाची चिंता घराबाहेरच्या माणसांच्या कामकाजात नोंदली गेली. त्याच शहरात १९२१ पासून रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि त्यापायी प्राध्यापकी गमावून बसले होते. मूल देव देतो, यावर ज्याचा विश्वास नाही त्याला गणित शिकवू द्यायचं नाही, असा तो काळ.

मधल्या एका घरात डोकावून घ्या, फार थांबू नका. १९३५ मध्ये ‘श्यामची आई’ पुस्तकरूपाने आलं आणि तेव्हापासून मराठी आईला त्याच मापाने मोजलं जातंय. त्यातली आई पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला बाहेर काढून झोडपते, आणि वाचणारे आजवर तिच्या बाजूने रडत आले आहेत. मीही रडलोय. मार हा मायेतच मोडतो, यावर तेव्हा कुणाचं दुमत नव्हतं.

कुणाचंच, असं म्हणणं मात्र चूक ठरेल. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ताराबाई मोडक भावनगरहून मुंबईला आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार काढला. भावनगरला त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरीबाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवायची खटपट केली होती. दादरच्या त्या खोलीत तुम्ही वाकून शिरा, कारण फडताळं तुमच्या गुडघ्याएवढी आहेत. छडी नाही. बक्षीसही नाही, आणि पालकांना ते छडी नसण्यापेक्षा जास्त खटकतंय. “मग शिकणार कशासाठी?” एक गृहस्थ विचारताहेत. समोर त्यांचाच चार वर्षांचा मुलगा तांब्यातून पेल्यात पाणी ओततोय, सांडतोय, पुसतोय, पुन्हा ओततोय. त्याला वडील आलेले दिसलेलेही नाहीत.

पण खरं पाहायचं ते बोर्डीला. १९४५ मध्ये ताराबाई अनुताई वाघांना घेऊन या समुद्रकाठच्या गावी आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. यमूच्या रेघेवरचीच ही मुलगी, पण हिला पंचेचाळीस वर्षं उशिरा जन्माला यायचा फायदा मिळाला होता. गावात बालवाडी निघाली. हरिजनवाड्यातली मुलं येईनात. बोलावलं, समजावलं, तरी येईनात. येतील कशी? गावातल्या चांगल्या जागेत पाऊल टाकायचं नसतं, हे त्या तीन वर्षांच्या पोरांना बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं.

सकाळची वेळ आहे, वाड्यातल्या एका अंगणात बसा. दोघी बाया टोपली घेऊन येतात, सडा घातलेल्या जमिनीवर चटई पसरतात आणि कुणालाही न बोलावता शिंपले मांडू लागतात. लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा. परदेशी लाकडी साधनं परवडणारी नव्हती; म्हणून शंख, बिया, काड्या, पानं. दाराआडून एक डोळा दिसतो. मग दुसरा. नाक गळणारी एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चटईच्या कडेला येऊन उभी राहते. त्या तिला बस म्हणत नाहीत. थोड्या वेळाने ती वाकते आणि रांगेतला चुकलेला शिंपला जागेवर ठेवते. नाक पुसणं, केस विंचरणं, अक्षरं, ते सगळं नंतर.

शाळा मुलाच्या अंगणात न्यायची ही युक्ती पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरांसाठी कुरणातही गेली, कारण गुरं सोडून ती येऊ शकत नव्हती. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभर सरकारी योजना सुरू झाली तेव्हा केंद्रांना नाव मिळालं ‘अंगणवाडी’. आज लाखो अंगणवाड्या आहेत, पोषण आहार आहे, रजिस्टरं आहेत, सेविकांचे मानधनासाठीचे मोर्चे आहेत. चटईच्या कडेला उभ्या मुलीची वाट पाहायला त्या सेविकेला वेळ कुठून मिळणार, ते विचारू नका. बोर्डीत जे घडलं ते मला सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं. आजवर सगळ्यांनी आईबापाच्या धास्तीवर इलाज शोधला होता. इथे पहिल्यांदा कुणीतरी पोर कशाला भितं ते पाहिलं.

गडचिरोलीत १९९५ च्या सुमारास एका झोपडीत क्षणभर थांबा. गरोदर बाई पोटभर जेवत नाही, मूल मोठं झालं तर अडेल म्हणून. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तयार केलेली गावातलीच एक आरोग्यदूत तान्ह्याला कापडात गुंडाळून ऊब देते, श्वास मोजते, आईला पहिलं दूध पाजायला लावते. जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. दगडूच्या आईने नाकाशी धरलेलं बोट बरोबरच होतं. त्याला घड्याळाची जोड हवी होती.

शेवटचा मुक्काम लातूर, यंदाचा जून. तुम्ही तुमच्याच वयाचे आहात. दोनच मुलं असलेल्या घरातला थोरला, दहावीला ९६ टक्के, अकरावीला इथे आणलाय. वडील नांदेडकडच्या गावी शेती पाहतात. आई दोन वर्षांसाठी क्लासच्या मागच्या गल्लीत खोली भाड्याने घेऊन त्याला डबा करून घालणार. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात अशी एक आई आहे. संध्याकाळी त्या ओट्यावर बसून गॅसच्या टाकीबद्दल, झेरॉक्सच्या दराबद्दल आणि कटऑफबद्दल बोलतात. भिंतींवर मागच्या वर्षी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पार केलेल्या मुलांचे फ्लेक्स आहेत, चेहऱ्यांखाली मार्क. पोराला लसी सगळ्या टोचून झाल्यात, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. त्याच्यावर उभ्या जन्मात कुणी छडी उगारलेली नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मारायलाच काय, मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे. आई त्याला ‘अहो, डॉक्टर’ म्हणून हाक मारते, लाडाने. तो हल्ली त्या हाकेला ओ देत नाही.

ऑफिसात फी भरून झाल्यावर ती पावती पर्समध्ये ठेवते, पण उठत नाही.

“सर, जरा कडक राहा बरं का. घरी आमचं ऐकत नाही.”

“मारायचं काम नाही आता, ताई. दिवस बदलले.”

“मारू नका हो. मारायला कोण म्हणतंय? भीती तेवढी राहू द्या.”

“त्याची काळजीच सोडा,” सर लॅपटॉप तिच्याकडे वळवून दाखवतात. “दर रविवारी टेस्ट असते. रँक संध्याकाळी सातला दोघांच्याही मोबाइलवर येते.”